सोलर पंप आले, मग येमेनच्या विहिरी का आटतायत?

प्रश्न : युद्धामुळे येमेनमधे डिझेल मिळेना म्हणून शेतकऱ्यांनी सोलर पंप बसवले असं वाचलं. हे चांगलंच झालं ना? मग पाणी का संपतंय?

उत्तर : धूर कमी झाला खरा, पण गोम पुढेच आहे. डिझेलचा पंप तासातासाला खिसा रिकामा करतो त्यामुळे माणूस गरजेपुरतं पाणी काढतो आणि बंद करतो, सोलरचं तसं नाही, एकदा पॅनलचे पैसे घातले की ऊन फुकट, मग सकाळी सूर्य वर आला की पंप सुरू तो मावळेपर्यंत चालूच. राजधानी सानाच्या खोऱ्यात भूजलाची पातळी आधीच खोल गेलेली, त्यात तिथे कात नावाचं झुडूप लावतात, पानं चघळायला, त्याला पाणी भरपूर लागतं पण रोख पैसाही तेच देतं, मग कोण उपटणार ते! २००२चा पाणी कायदा आहे, विहिरीला परवाना लागतो, पण २०१४पासून सत्तेचेच तुकडे झालेत, तपासायला जाणार कोण?

सगळंच हताश नाही हां. येमेनच्याच होदेदा बंदराजवळ समुद्रात साफेर नावाचं सडत चाललेलं तेलवाहू जहाज उभं होतं, ११ लाखांहून जास्त बॅरल तेल पोटात, ते २०२३च्या ऑगस्टपर्यंत संयुक्त राष्ट्रांनी दुसऱ्या जहाजात काढून घेतलं, तेही युद्धातल्या दोन्ही बाजूंशी बोलून. विहिरींचं मात्र अवघड, कारण गळती दिसते, उपसा दिसत नाही. माझ्या मते पंपाला मीटर आणि गावानेच ठरवलेले उपशाचे तास, सुरुवात तिथून करावी.