क्लायंटचं नाव सर्चमध्ये टाकण्याआधी

प्रिय,

परवा फोनवर तू सहज म्हणालीस, ‘समुपदेशनाच्या पहिल्या सेशनआधी मी क्लायंटचं इन्स्टा बघून घेते, अंदाज येतो.’ मी गप्प बसले, कारण मीही हे केलंय.

सुरुवातीच्या वर्षांत एक बाई झोप लागत नाही म्हणून यायच्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, तूही बदलत जा.) चौथ्या सेशननंतर एका रात्री निव्वळ कुतूहलापोटी मी त्यांचं नाव फेसबुकवर टाकलं. वर्षश्राद्धाची पोस्ट, लहान मुलाचा फोटो. पुढच्या वेळी माझ्या तोंडून निघून गेलं, ‘मुलगा गेल्यापासून...’

त्या थांबल्या. ‘हे मी तुम्हाला कधी सांगितलं?’

मी खरं सांगून माफी मागितली. त्या आणखी दोनदा आल्या, मग आल्याच नाहीत. मुलाचा विषय कधी काढायचा, काढायचा की नाही, हे त्यांचं त्या ठरवणार होत्या. मी मध्येच तोंड घातलं.

२०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं, कलम २४ तो डिजिटल माहितीलाही लावतं. पण तिथे भर माहिती बाहेर जाण्यावर आहे. रात्री मोबाइल हातात घेऊन आपण काय उकरतो, ते आपल्यालाच आवरावं लागतं. कुणी जीव देण्याचा मेसेज करून फोन उचलत नसेल, तर जरूर शोध, घरच्यांना गाठ. मात्र फाइलमध्ये नोंद कर आणि नंतर त्यांना सांग.

क्लायंट तुला शोधणारच. शोधू देत! आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेचा, तुझा नोंदणी क्रमांक त्यांनी तपासलाच पाहिजे. गोव्याच्या ट्रिपचे फोटो मात्र लॉक कर.

क्लायंटचे नंबर असलेल्या फोनमध्ये फेसबुक-इन्स्टाला कॉन्टॅक्ट्सची परवानगी देऊ नकोस, नाहीतर ओळखीच्या माणसांच्या यादीत तुम्ही एकमेकांना दिसायला लागाल. नंबर ‘डिप्रेशन नाशिक’ अशा नावाने तर मुळीच सेव्ह करू नकोस. जीपे केलं की त्यांच्या बँक स्टेटमेंटवर तुझं नाव उमटतं. ते घरात कोण बघतं, हे विचारून घे. अडचण असेल तर रोख घे.

गुरुवारच्या मुलाचं प्रोफाइल बघून झालंय ना? मग पहिल्या दहा मिनिटांतच त्याला सांगून टाक. कसं सांगायचं सुचलं नाही, तर बुधवारी रात्री नऊनंतर फोन कर.

तुझी,
मॅडम