लाल दिवा बंद करू नका, अर्थिंग मोजा

प्रश्न : काका, आम्ही मनीषनगरात राहतो. दिवाळीत इलेक्ट्रिक कार घेतली. पोर्चमध्ये कूलरचा पॉइंट आहे, त्यावरच रात्रभर चार्जिंगला लावतो. हिवाळाभर काही त्रास नव्हता. एप्रिल लागला तसा चार्जरवर अर्थिंगचा लाल दिवा येतो आणि चार्जिंग बंद पडतं. प्लगही चटका बसेल इतका तापतो. इलेक्ट्रिशियनने बल्ब पेटवून अर्थिंग चांगलं असल्याचं दाखवलं. तो म्हणतो, सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो, मग दिवा येणार नाही. करू द्यावं का?

उत्तर : नाही, ताई. अजिबात नाही. केलं असेल तर आजच मेन बंद करून ती जोडणी काढायला लावा.

त्या जोडणीने फक्त चार्जर फसतो. उद्या मागे कुठे न्यूट्रल तुटली, तर गाडीच्या पत्र्यावर 230 व्होल्ट येतील. टायर रबराचे, त्यामुळे करंटला जमिनीत उतरायला वाट नाही. दाराच्या हँडलला हात लावणारा माणूसच ती वाट होतो. धुतलेल्या पोर्चमध्ये अनवाणी फिरणारं लेकरू डोळ्यांपुढे आणा.

बल्बवर विसंबू नका. 100 वॉटचा बल्ब अर्धा अँपिअरही ओढत नाही. अर्थिंगचा रोध 50 ओहम असला तरी तो लख्ख पेटतो. अर्थ टेस्टर लावून मोजून घ्या. 5 ओहमच्या आत आलं, की मी निश्चिंत होतो.

हिवाळ्यात चाललं ते आता का बिघडलं? आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. ओल जाते, माती अर्थिंगच्या सळीपासून सुटते आणि रोध वाढतो. खड्ड्याचं झाकण काढून पाहा, तारेचा बोल्टही बहुधा गंजलेला असेल. रोज संध्याकाळी बादलीभर पाणी घातल्याने फरक पडतो, पण गाडीसाठी वेगळं अर्थिंग करून घेणंच बरं.

आता तापणारा प्लग. कूलर जेमतेम एक अँपिअर घेतो. गाडीचा साधा चार्जर 15 अँपिअरच्या आसपास घेतो, तोही आठ-नऊ तास सलग. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. म्हणजे ज्या ढिल्या स्क्रूवर कूलर वर्षानुवर्षं चालला, तिथेच गाडी सव्वादोनशे पट उष्णता काढते. त्रिमूर्तीनगरात एका घरी असंच सॉकेट मी उघडलं. न्यूट्रलचा स्क्रू दीड फेरा फिरला, तारेवरचं प्लास्टिक बिस्किटासारखं कुरकुरीत होऊन बोटांत तुटलं. बाहेरून सॉकेट नव्यासारखं दिसत होतं!

मीटरपासून गाडीसाठी वेगळी लाइन ओढा. तांब्याची 4 चौरस मिलिमीटरची तार, मध्ये जोड नको, एक्स्टेंशन बोर्ड तर नकोच. टोकाला 16 अँपिअरचं निळं इंडस्ट्रियल सॉकेट. एमसीबी, म्हणजे जादा करंटला लाइन तोडणारा स्विच, लावाल, पण ती तार वाचवते, माणूस नाही. माणसासाठी करंट गळताच लाइन तोडणारी आरसीसीबी हवी, 30 मिलिअँपिअरची, 'ए' टाइपची. घरमालक पैसे वाचवायला नेमकी तीच वगळतात, आणि याचं मला फार वाईट वाटतं. एसी, कूलर, गाडी मिळून भार मंजूर भारापलीकडे जात असेल, तर महावितरणकडे वाढीव भाराचा अर्ज करा.

हे होईपर्यंत बाहेरच्या स्टेशनवर चार्ज करा. काम झालं की आरसीसीबीचं टेस्टचं बटण इलेक्ट्रिशियनला तुमच्यासमोर दाबायला लावा. खट्कन लाइन गेली, तरच पैसे द्या.