डबीच्या बाहेरची बाजू

प्रश्न : सासूबाईंना तीन आठवडे खोकला होता. आरोग्य केंद्रातून बेडक्यासाठी डबी मिळाली. सकाळी ती भरून मी एसटीने तालुक्याला नेली. त्याच पिशवीत माझा जेवणाचा डबाही होता. उतरताना बघते तर डबी पाझरून तिला गुंडाळलेला कागद ओला. लॅबमधल्या बाईंनी नमुना परत केला आणि चार लोकांत सुनावलं. आता दुसऱ्या नमुन्यात टीबी निघालाय. त्या पिशवीतून माझ्या लहान मुलांना लागण झाली असेल का? (एक वाचक, जि. सातारा)

उत्तर : ताई, पिशवी साबणाने धुवा, कडक उन्हात वाळवा आणि विसरून जा. टीबी पसरतो तो हवेतून, रोगी खोकतो-शिंकतो तेव्हा. धोका पिशवीत नव्हता, घरात होता. सासूबाई तीन आठवडे ज्या खोलीत खोकत होत्या, तिथे मुलं झोपत होती का, हा खरा प्रश्न. म्हणून घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्या, आणि पाच वर्षांखालची मुलं असतील तर त्यांना आधी न्या. टीबी नाही असं ठरलं की प्रतिबंधक औषध सुरू करतात. सरकारी केंद्रात ते मोफत मिळतं. सासूबाईंच्या खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा, खोकताना पदर तोंडावर घ्यायला सांगा.

त्या बाई चार लोकांत बोलल्या ते चुकलंच. नमुना परत केला ते मात्र बरोबर. ३१ वर्षं मी लॅबच्या खिडकीच्या आत बसले होते, म्हणून सांगते. आमच्याकडे नमुन्याची चिठ्ठी बाटलीलाच गुंडाळून, वर रबर लावून यायची. बाटली पाझरली की चिठ्ठी ओली. ती चिठ्ठी टेबलावर, टेबलावरून रजिस्टरवर, आणि रजिस्टर लिहिणारे आमचे लिपिक विचार करताना पेन तोंडात धरायचे! डबीच्या आत काय आहे हे सगळ्यांना माहीत असतं, त्याची भीतीही असते. बाहेरच्या बाजूला मात्र सगळे बिनधास्त हात लावतात. रक्ताच्या नमुन्याच्या नळीचंही तेच. कावीळ ब (हिपॅटायटिस बी) चा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवस तग धरू शकतो, आणि डाग तर दिसतही नाही.

पुढच्या वेळी सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरायची. उघड्यावर, लोकांपासून लांब उभं राहून खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून खोकून बेडका काढायचा. नुसती लाळ नको. डबी पार काठोकाठ भरू नका, झाकण आटे नीट बसेपर्यंत घट्ट फिरवा. नाव डबीच्या अंगावर लिहा, झाकणावर नको. झाकण काढलं की नाव एकीकडे आणि बेडका दुसरीकडे. डबी एका पिशवीत उभी ठेवा, चिठ्ठी दुसऱ्या पिशवीत. उन्हात नेऊ नका. आणि जेवणाचा डबा, ताई, वेगळ्या हातात.

प्रश्न : मी खाजगी दवाखान्यात शिकाऊ नर्स आहे. इंजेक्शनच्या सुईला टोपण परत लावताना बोटात टोचली. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, दाबून रक्त काढ, स्पिरिट लाव आणि कुणाला सांगू नको. आता झोप लागत नाही.

उत्तर : पोरी, तिन्ही सल्ले चुकीचे. दाबायचं नाही, चोखायचं नाही, स्पिरिट नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि त्याच क्षणी वरिष्ठांना सांगायचं. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत सुरू करावं लागतं, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग धरत नाहीत. सुरू केलं तर २८ दिवस घ्यायचं. तुझं पत्र माझ्या हाती आलं तेव्हा दहा दिवस उलटले होते. तरी आजच सरकारी रुग्णालयात जा. रक्ततपासणी आता, मग ६ आठवड्यांनी, ३ महिन्यांनी, ६ महिन्यांनी कर. ती सुई ज्या रुग्णाला टोचली होती, त्याची तपासणी त्याच्या संमतीने होऊ शकते. एका टोचण्यातून एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास असते, हे लक्षात ठेव आणि झोप.

टोपण परत लावायचंच नसतं. सुई सरळ न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकायची. कावीळ ब ची लस घेतली आहेस का? पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. तिसऱ्यापर्यंत मुली नोकरी बदलतात आणि कार्ड जुन्या दवाखान्याच्या कपाटात राहतं.