एका वर्षात संपवायचंय, पण कोणासाठी?

(सनीव्हेल, कॅलिफोर्नियाहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा १८ वर्षांचा. हायस्कूल संपल्यावर यूसी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, हिच्या ज्या कॅम्पसवर कॉम्प्युटर सायन्स हवं होतं तिथे प्रवेश मिळाला नाही, म्हणून सप्टेंबरपासून क्युपर्टिनोच्या डी अँझा या कम्युनिटी कॉलेजात जातो. वडिलांनी एक्सेल शीट केली आहे: या क्वार्टरला, म्हणजे तीन महिन्यांच्या सत्राला, २० युनिट (अभ्यासाचा भार युनिटांत मोजतात), पुढच्या दोन क्वार्टरना २५-२५, मित्राच्या मुलासारखे शेजारच्या सेमिस्टरवाल्या कॉलेजात वर आणखी दोन विषय, आणि पुढच्या सप्टेंबरात यूसी. कॅल्क्युलसच्या पहिल्या मिडटर्मला ५८ मिळाले. डिसेंबरात पुण्यात आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे, त्याला न्यायचं की अभ्यासाला मागे ठेवायचं, असं त्या विचारतात.)

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. ५८ मार्कांची मला फारशी काळजी वाटली नाही. क्वार्टर पद्धतीत चौथ्या आठवड्यातच मिडटर्म येऊन उभी राहते आणि हायस्कूलच्या सवयीतून आलेल्या मुलांचा पहिल्या पेपराला असा घोळ होतो. मी अडकले ते पत्राच्या शेवटच्या परिच्छेदावर. ‘पुण्यात अजून कोणाला डी अँझाचं सांगितलेलं नाही. ह्यांचं म्हणणं, एका वर्षात तो यूसीत गेला की सांगायची गरजच पडणार नाही.’

म्हणजे एक्सेल शीटमधली प्रत्येक ओळ कोथरूडच्या नातेवाइकांसाठी भरली आहे. मुलगा रात्री दोनपर्यंत जागतो, जेवायला खोलीबाहेर येत नाही, हे तुम्हीच लिहिलंय. त्याला घरात रोज एक गोष्ट न बोलता कळते आहे, की तो जिथे शिकतो ते लपवण्यासारखं आहे. आजीशी व्हिडिओ कॉलवर बोलताना त्याने काय सांगायचं, तेही ठरवून दिलंय का तुम्ही? १८ वर्षांच्या मुलाला स्वतःच्या कॉलेजचं नाव चोरून ठेवायला लावणं हा मला त्या ५८ पेक्षा कितीतरी मोठा प्रश्न वाटतो. आणि एवढ्या लांबलचक पत्रात ‘तो म्हणतो’ असं एकही वाक्य नाही. बाबा म्हणतात, मित्राचा मुलगा म्हणतो, तुम्ही म्हणता. त्याला कॉम्प्युटर सायन्सच हवंय का, हेसुद्धा मला कळलं नाही.

लाज कशाची, तेही बघू. कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाच्या १९६० च्या मास्टर प्लॅनमध्येच ही वाट आखून ठेवली: दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज, मग विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला प्रवेश. ट्रान्सफर घेणाऱ्यांत याच राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना यूसी प्राधान्य देते. शेवटी हातात पडणारी पदवी यूसीची असते. राज्याच्या रहिवाशाला क्वार्टरच्या एका युनिटला ३१ डॉलर फी पडते, म्हणजे ९० युनिटची २,७९० डॉलर. पुण्यात आज डोनेशन भरून प्रवेश घेतलेल्यांची लाज कोणी बाळगत नाही, आणि इथे ही लपवाछपवी!

आता बाबांच्या शीटमधली खरी चूक. त्यांचा समज असा की युनिट भरले की काम झालं. यूसीला ९० क्वार्टर युनिट लागतात, काही युनिट हायस्कूलमध्येच केलेल्या एपी (कॉलेजच्या पातळीच्या) इतिहास आणि मानसशास्त्राचे मिळतील, उरलेले तीन क्वार्टरमध्ये कोंबले की सुटका. बेरीज कदाचित जमेलही, पण कॅलेंडर जमत नाही. पुढच्या सप्टेंबरच्या प्रवेशासाठी यूसीचे ट्रान्सफर अर्ज याच ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरले जातात. डी अँझाचं फॉल क्वार्टर सप्टेंबरअखेर सुरू होतं आणि डिसेंबरच्या मध्याला संपतं. याचा अर्थ, अर्ज भरताना तुमच्या मुलाकडे कॉलेजची एकही ग्रेड नसेल. विद्यापीठाने बघायचं काय? दुसरं असं की गणित एकापुढे एक साखळीत येतं. डी अँझात कॅल्क्युलस १ए, १बी, १सी, १डी असे चार कोर्स आहेत आणि पहिला पास झाल्याशिवाय दुसऱ्यात नाव नोंदवता येत नाही. आज १ए घेतलेला मुलगा जूनपर्यंत जास्तीत जास्त १सी संपवील, मग तो बाकीचे कितीही युनिट घेवो. १डी उन्हाळ्यात जाईल, आणि ट्रान्सफरसाठी लागणारं सगळं यूसीला त्याआधीच्या स्प्रिंग क्वार्टरअखेर, म्हणजे जूनपर्यंत, पूर्ण झालेलं हवं असतं. एपी कॅल्क्युलस असतं तर साखळी थोडी आखूड झाली असती. ते नाही. तेव्हा एका वर्षाची ही योजना कितीही जागरण केलं तरी पुरी होणारी नाही.

दोन वर्षं धरा, मग हेच कॅलेंडर तुमच्या बाजूने वळतं. वर्षाला तीन क्वार्टर, दर क्वार्टरला १५ युनिट, सहा क्वार्टरचे बरोबर ९०. या क्रमाने १ए, १बी, १सी जूनपर्यंत, आणि त्याला झेपलं तर उन्हाळ्यात एकटा १डी. ऑक्टोबरात अर्ज पाठवता येईल तेव्हा चारही ग्रेड त्यात दिसतील. उन्हाळ्यात एकापेक्षा जास्त विषय नकोत, कारण काही कोर्स तिथे सहाच आठवड्यांत उरकतात. त्याआधी सप्टेंबरात टॅगचा अर्ज भरता येतो, म्हणजे अटी पाळल्या तर प्रवेशाची हमी. ही हमी सहाच कॅम्पस देतात: डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ. बर्कले, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो यात नाहीत, आणि या सहांतही कॉम्प्युटर सायन्ससारखे विषय काही ठिकाणी वगळलेले असतात, ते तपासायचं. जानेवारीत फॉलच्या ग्रेड यूसीला कळवायच्या. झालं.

मित्राच्या मुलासारखं दोन कॉलेजांत एकदम शिकणं मात्र नको. तो सेमिस्टरच्या कॉलेजात आहे, त्याचं वर्ष ऑगस्टमध्येच सुरू झालं. दोन्हीकडच्या सत्रांच्या तारखा एकमेकांवर चढतात, एकाच्या परीक्षा दुसऱ्याच्या ऐन मध्यावर येतात. शिवाय सेमिस्टरमधला एक कॅल्क्युलस म्हणजे डी अँझाचे नेमके दीड की दोन, हे यूसी ठरवते. साखळी अर्धी इथे, अर्धी तिथे केली की मधला एखादा भाग पुन्हा करायची वेळ येते. गणिताची साखळी एकाच कॉलेजात पूर्ण करावी. कुठला कोर्स कुठल्या कॅम्पसला चालतो ते असिस्ट या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतं. ते मुलाने बघावं, तुम्ही नाही.

या क्वार्टरचं काय? त्याच्या चार विषयांत केमिस्ट्री आहे. बाबांनी ‘असू दे, उपयोगी पडेल’ म्हणून घेतलंय, असं तुम्ही लिहिता. कॉम्प्युटर सायन्सला बहुतेक ठिकाणी ते लागत नाही. तेच सोडावं, कॅल्क्युलस नव्हे. आठव्या आठवड्याच्या सुमारास विषय सोडायची शेवटची तारीख असते, नेमका दिवस त्याच्या पोर्टलवर दिसेल. प्रगतिपत्रकावर त्या विषयापुढे ‘डब्ल्यू’ लागेल. एका डब्ल्यूने कोणाचा प्रवेश गेलेला मी पाहिला नाही, केमिस्ट्रीत डी आणि त्या नादात कॅल्क्युलसमध्येही सी, याने मात्र जातो. फक्त १२ युनिटच्या खाली उतरू नये, नाहीतर पूर्णवेळ विद्यार्थ्याच्या सवलती जातात. इथे २० चे १५ होताहेत, म्हणजे धोका नाही.

घाईला आणखी एक कारण असतं, ते इथल्या अनेक मराठी घरांत खरं असतं: आई-वडील एच-वनवर (नोकरीच्या व्हिसावर), मूल एच-फोरवर (त्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर), आणि २१ पूर्ण झाले की त्याचा दर्जा संपतो. त्या घरांचं गणित वेगळं. तुमच्याकडे ग्रीन कार्ड आहे. तुमच्या डोक्यावर कुठलंही सरकारी घड्याळ टिकटिकत नाही, जे आहे ते बाबांनी स्वतः टांगलेलं आहे.

पुण्याला त्याला न्या. फॉलची परीक्षा डिसेंबरच्या मध्याला संपते, विंटर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतं, मधे तीन आठवडे मिळतात. तिकीट मात्र शेवटच्या पेपरनंतरचंच काढा, स्वस्त मिळतंय म्हणून दोन दिवस आधीचं नको. परतायचंही विंटर सुरू व्हायच्या निदान दोन दिवस आधी. पहिल्या तासाला गैरहजर राहिलेल्याचं नाव प्राध्यापक काढू शकतात आणि ती जागा वेटलिस्टवरच्याला जाते. १बीची जागा अशी गेली तर साखळी सरळ एक क्वार्टर मागे पडेल. आणि आजीला तो कुठे शिकतो ते त्यालाच सांगू द्या. एक्याऐंशी वर्षांच्या बाईला नातवाच्या कॉलेजच्या नावाने धक्का बसेल, असं तुम्हाला खरंच वाटतं?

कॉलेजच्या काउन्सेलरने फोनवर बाबांना काही सांगायला नकार दिला, याचा त्यांना फार राग आलाय. तो उर्मटपणा नव्हता. फर्पा कायद्यानुसार मुलगा कॉलेजात गेला की त्याच्या नोंदींचे हक्क त्याचे होतात, फी कोणीही भरो. आपल्याकडे प्राचार्य पालकांना बोलावून घेतात, इथे तसं नाही. तेव्हा भेट त्यानेच ठरवायची आणि एकट्याने जायचं. विंटरची नोंदणी नोव्हेंबरात सुरू होते आणि तोपर्यंत काउन्सेलरच्या वेळा भरून जातात, म्हणून याच आठवड्यात. तिथे त्याने तीन गोष्टी विचारायच्या: केमिस्ट्री सोडली तर पुढे काही अडेल का, १बीसाठी त्याची नोंदणीची तारीख कोणती, आणि कॉम्प्युटर सायन्सऐवजी दुसरं काही घ्यावंसं वाटलं तर आजवर केलेल्यातलं काय वाया जाईल. तिसरा प्रश्न बाबांना सांगून विचारलाच पाहिजे असं नाही.