टॉवेलांना कुबट वास, शर्टांवर तपकिरी डाग

प्रश्न : ताई, आमचं मशीन पुढून दार उघडणारं आहे. पावसाळा लागला की धुतलेल्या टॉवेलांना कुबट वास येतो, पांढऱ्या शर्टांवर चिकट तपकिरी डाग पडतात. पावडर वाढवून पाहिली, सुगंधी कंडिशनरही घालते.
– एक वाचक, धायरी

उत्तर : पावडर वाढवलीत, तिथेच घोडं पेंड खातंय. गार पाण्यात जास्तीची पावडर नीट विरघळत नाही. कंडिशनरच्या मेणचटपणाबरोबर तिचा थर ड्रममागे बसतो, त्यावर बुरशी पोसते. त्याचेच सुटलेले तुकडे म्हणजे तुमचे डाग. सोसायटीत टँकरचं जड पाणी येत असेल तर थर आणखी लवकर धरतो.

आधी दाराच्या रबराची घडी बोटाने उलगडून बघा. काळं दिसेल, हरवलेला मोजाही सापडेल. ओल्या फडक्याने पुसा. खालच्या कोपऱ्यातलं झाकण उघडून फिल्टर काढा, पण आधी परात लावा, नाहीतर बाल्कनीभर पाणी! पावडरचा कप्पा घासा. मग रिकामं मशीन ६० अंशांवर किंवा त्याहून गरम फिरवा. हे महिन्यातून एकदा. क्षार दिसत असतील तर त्यात सायट्रिक ॲसिड घाला, मात्र ब्लीचबरोबर कधीच नाही. विषारी क्लोरीन वायू सुटतो.

धुणं झालं की कपडे लगेच काढा आणि दार उघडं ठेवा. कंडिशनर मी तर बंदच करेन. तो वास झाकतो, घालवत नाही.

डागाळलेले शर्ट मशीन स्वच्छ झाल्यावर, कापडाला सोसेल तितक्या गरम पाण्यात पुन्हा धुवा.