रुग्णालयातले संसर्ग रोखणाऱ्यांची ‘एपिक’ ही संघटना कशी सुरू झाली?

१९७२ साली, अमेरिकेत. पण मूळ त्याआधीचं आहे. १९५० च्या दशकात पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूच्या साथी रुग्णालयांत पसरल्या. बरं व्हायला आलेली माणसं तिथेच नवा आजार घेत होती. १९५९ मध्ये इंग्लंडमधल्या टॉर्बे इथे फक्त याच कामासाठी एक परिचारिका नेमली गेली. पुढे अमेरिकेतही अशी पदं निर्माण झाली. पण आपल्या रुग्णालयात हे काम करणारी व्यक्ती बहुतेकदा एकटीच असे, विचारायचं कोणाला हा प्रश्नच. म्हणून संघटना.

माझ्या मते खरी कलाटणी मिळाली ती अमेरिकेतल्या रुग्णालयांतल्या संसर्गांवरच्या ‘सेनिक’ या मोठ्या अभ्यासामुळे. १९८५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: संसर्गांवर नीट नजर ठेवली, दर २५० खाटांमागे एक प्रशिक्षित परिचारिका आणि जाणकार डॉक्टर असला, तर सुमारे ३२ टक्के संसर्ग टळतात. इतके जीव वाचू शकतात हे आकड्यांत दिसल्यावर या कामाला दुय्यम म्हणणं अवघड झालं.

हे काम करणाऱ्यांसाठी प्रमाणपत्र परीक्षा १९८३ पासून आहे. १९९४ मध्ये संघटनेच्या नावात ‘एपिडेमिऑलॉजी’ (रोग कसे पसरतात याचा अभ्यास) हा शब्दही आला.