चित्रपट आपला वाटला, तर लिहावे कसे

‘फँड्री’ पाहून मन हलले, पण लिहिताना विशेषणांपलीकडे काही सुचत नाही, असे आपण म्हणता. सुरुवातीला बहुतेकांचे असेच होते. ज्या क्षणी गलबलून आले तो नेमका प्रसंग आधी शोधा आणि पडद्यावर काय दिसले, काय ऐकू आले, ते कोणाचेही परीक्षण वाचण्यापूर्वी साध्या शब्दांत उतरवा. नागराज मंजुळे यांच्या २०१३ च्या या चित्रपटात शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येताच डुकरामागे धावणारे जब्या या दलित शाळकरी मुलाचे कुटुंब जागच्या जागी उभे राहते आणि डुक्कर निसटते. एकही संवाद नसताना नागरिकत्व आणि जात एकाच चौकटीत येतात. मग स्वतःला विचारा की आपण जब्याच्या बाजूला होतो, की हसत पाहणाऱ्या गावकऱ्यांत. जब्याने शेवटी दगड थेट कॅमेऱ्याकडे भिरकावलेला असल्यामुळे हा प्रश्न टाळता येत नाही, आणि उत्तर अवघड असले तरी लेखाचा कणा तेच असते.

नवखे हमखास येथे चुकतात:
- संपूर्ण कथानक सांगत बसतात.
- स्वतःच्या अनुभवाला साऱ्या समाजाचा अनुभव ठरवतात.
- रडू आले म्हणजे चित्रपट थोर, असे मानतात (रडू तर जाहिरातीही आणतात).

संकलन (दृश्यांची जोडणी) आणि चित्रपटविषयक सिद्धान्त तूर्त बाजूला ठेवा. एकाच प्रसंगावर दोन परिच्छेद लिहा.